शब्बाथचा डबा

दादाने डबा पुढे केला तेव्हा ऊन अजून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होतं. पत्र्याचा, बिस्किटांचा जुना डबा. बाबांनी त्याला कडी लावून छोटंसं कुलूप बसवलं होतं. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरातले सगळे फोन बंद करून त्यात टाकायचे आणि शनिवारी आभाळात तारे दिसले की काढायचे. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस. त्या दिवशी दिवा पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, कामाचं नावही काढायचं नाही. धाकटीला या नियमांचा कधी जाच वाटला नव्हता. उलट आठवडाभर कुलपांत डोकं घालून बसणारे बाबा तेवढा एकच दिवस पूर्ण घरातल्यांच्या वाट्याला यायचे.

पण त्या शुक्रवारी बाबा घरात नव्हते. ते इस्पितळात होते, साथीच्या वॉर्डात, आणि तिथे घरच्यांना पाऊल टाकू देत नव्हते.

"माझा फोन मी देणार नाही," धाकटी म्हणाली.

"का?"

"का काय विचारतोस? इस्पितळातून फोन आला तर?"

"डॉक्टर काय तुला विचारून औषध देणार आहेत?"

"अरे, खुद्द धर्मगुरूंनी सांगितलंय, रब्बींनी! ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी शब्बाथलाही फोन चालू ठेवा म्हणून."

"रब्बींना सगळ्यांची मर्जी राखायची असते," दादा म्हणाला. "हे घर बाबांचं आहे. इथे बाबांचा नियम चालणार."

दादा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, समितीचा चिटणीस झाल्यापासून देवाशी त्याचं रोजचं उठणंबसणं असल्यासारखा वागायचा. कोणी प्रार्थनेला उशिरा आलं की हा घड्याळाकडे बघणार. बाबांचं कुलपांचं दुकान त्याने कधी धरलं नाही, हात काळे होतात म्हणून. दुकान धाकटीने धरलं. पण धर्माची गोष्ट निघाली की घरातला शेवटचा शब्द त्याचा, आणि वहिनी त्याचीच री ओढणार.

"बाबांनीच एकदा शब्बाथ मोडला होता," धाकटी म्हणाली. "खालच्या मजल्यावरचं पोर न्हाणीघरात अडकलं होतं तेव्हा. भरल्या ताटावरून उठून हत्यारं घेऊन पळाले होते."

"तिथे जीव वाचवायचा होता. जिवासाठी मोडायला परवानगीच आहे. तू फोन कानाला लावून कोणाचा जीव वाचवणार आहेस?"

आठवडाभर झोप नव्हती, आणि भांडायला लागते ती ताकदही उरली नव्हती. तिने फोन डब्यात टाकला. दादाने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

शनिवारी तारे दिसले. डबा उघडला. धाकटीचा फोन सुरू झाला तसा एकामागून एक वाजत सुटला. बाबांच्या नंबरवरून फोन येऊन गेले होते, पुन्हा पुन्हा. खाली इस्पितळाचा निरोप होता. बाबा दुपारीच गेले होते.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग, आणि तो एवढा मोठा होता की रडायला जागाच राहिली नाही. तिने दादाच्या अंगावर फोन फेकला.

"बघ! बघ, बाबांचा नंबर आहे!"

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने फोन उचलला, पाहिलं आणि म्हणाला, "नर्सने लावला असेल. बाबा शब्बाथला फोनला हात लावतील? बाबा?"

"कोणी का लावेना! बोलायचं होतं त्यांना!"

"आपण शब्बाथ मोडलेला बाबांनाच आवडला नसता."

तिला हे वाक्य पुढे आठवडाभर ऐकावं लागलं.

रविवारी दफन झालं. आपल्या माणसाला शेवटची अंघोळ घालायची, पांढरं कापड नेसवायचं, ही पद्धत. त्यातलं काही करू दिलं नाही. बंद पिशवीवरच कापड पसरलं. मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. त्यातल्या एकाजवळ दादा म्हणाला, "शेवटच्या घडीपर्यंत शब्बाथ पाळून गेले."

मग सुतकाचे सात दिवस सुरू झाले. आरशांवर चादरी टाकल्या. दोघं भावंडं गळ्याशी फाडलेल्या कपड्यांत बुटक्या स्टुलांवर बसली. मुलाने बापासाठी कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायचं तर समोर दहा पुरुष लागतात, आणि साथीत दहा जण एका खोलीत जमवायला बंदी. तेव्हा रब्बींनीच तोड काढली: सगळ्यांनी आपापल्या घरून संगणकावर यावं, या दिवसांपुरतं ते चालेल. आणि दादाला ते चाललं! लगेच चाललं. रोज सकाळी तो केस विंचरून संगणकासमोर उभा राहायचा, पडद्यावर चौकटी-चौकटींतून काका, शेजारी, समितीवाले बघायचे, कद्दिश झालं की दादा बाबांच्या निष्ठेबद्दल दोन शब्द बोलायचा, आणि चौकटीतली माणसं डोळे पुसायची.

धाकटी कोपऱ्यात दातओठ खात बसायची. कद्दिशला रब्बींची सवलत चालली, मग बाबांच्या फोनला का नाही? कद्दिश म्हणताना चार माणसं बघतात म्हणून? राग तिला स्वतःचाही येत होता. डब्यावरचं ते कुलूप म्हणजे पोरखेळ. दिवसभर लोकांची कुलपं उघडून देणारी बाई ती. केसातल्या पिनेने ते एका झटक्यात उघडलं असतं. त्या शुक्रवारी रात्री दादा झोपला होता, डबा कपाटावर होता, पिन केसात होती, आणि ती कूस बदलून पडून राहिली होती.

गुरुवारी इस्पितळातून निरोप आला की सामान उद्यापर्यंत न्या, नाहीतर जाळून टाकू.

"सुतकात घराबाहेर पडायचं नसतं," दादा म्हणाला. "कोणाला तरी पाठवू."

"कोणाला? तुझ्या चौकटीतल्या माणसांना?" असं म्हणून शुक्रवारी दुपारी तिने चपला घातल्या आणि दार आपटून निघाली.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी टेबल टाकून एक नर्स बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. धाकटीने नाव सांगितलं तसे ते डोळे एकदम मोठे झाले.

"कुलूपवाल्या आजोबांची मुलगी ना? अहो, आमच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप अडायचं. आजोबा पलंगावरून ओरडले, तेल घालू नका, शिसपेन्सिलीची पूड घाला! धड श्वास घेता येत नव्हता, पण कुलपाचं त्यांना बघवेना."

धाकटीला हसू आलं. नर्सने पिशवी पुढे सरकवली. आत चष्मा, कंगवा, छोटं प्रार्थनेचं पुस्तक आणि फोन होता.

"तुम्ही त्या दिवशी आम्हाला फोन लावत होतात ना," धाकटी म्हणाली. "आम्हाला घेता आला नाही. तुम्ही एवढं केलंत..."

"मी नाही लावला. आजोबांनी लावला."

"त्यांनी? स्वतः?"

"हो ना. मी म्हटलं, आजोबा, हात थरथरतोय, द्या इकडे, मी लावते. तर हात आडवा धरला. म्हणाले, तुझ्या हातून नको, बाई. दिवस माझा आहे, मोडायचा तर मीच मोडणार." नर्सने हातमोजा घातलेलं एक बोट हवेत दाबून दाखवलं. "असं एका बोटाने. आधी तुम्हाला, मग तुमच्या भावाला. मग पुन्हा तुम्हाला. फोन बंद लागला की म्हणायचे, आत्ता उचलेल, मुलगी माझी उचलेल. माझी पाळी संपेपर्यंत तेच चाललं होतं."

नर्सने एका चिठोऱ्यावर आपला नंबर लिहून दिला. "कधी बोलावंसं वाटलं तर," ती म्हणाली.

बस बंद होत्या. धाकटी चालतच घरी निघाली. दुकानांची शटर खाली, पदपथ रिकामे. जन्मात ज्या माणसाने शब्बाथला दिव्याच्या बटणाकडे बोट नेलं नाही, तो माणूस आपल्यासाठी शब्बाथ मोडून बसला होता, आणि घरी आपण तो पाळत होतो! तिने वाटेतल्या एका बंद शटरला लाथ घातली. पाय दुखला. तिने दुसरी घातली.

ती घरात शिरली तेव्हा दिवे लावायची वेळ होत आली होती. शब्बाथ सुरू होणार म्हणून सुतकाची स्टुलं तेवढ्यापुरती बाजूला सारली होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर दोन दिवे. आणि दादा डबा पुढे धरून उभा. वहिनीने आपला फोन त्यात आधीच टाकला होता.

"उशीर केलास," दादा म्हणाला. "टाक लवकर."

धाकटीने बाबांचा फोन काढून टेबलावर, दिव्यांच्या मधोमध ठेवला.

"फोन बाबांनी लावला होता. नर्सने नाही. ती म्हणाली मी लावते, तर बाबांनी तिला हात लावू दिला नाही. स्वतःच्या बोटाने लावला, शब्बाथच्या दिवशी. आधी मला, मग तुला."

"काहीतरीच. नर्सला काय कळतं शब्बाथचं?"

"काही कळत नाही. म्हणून तिला खोटं बोलायचं कारणही नाही." तिने चिठोरा त्याच्यासमोर धरला. "हा तिचा नंबर. लाव फोन. अजून सूर्य आहे, पाप नाही लागणार. विचार तिला, आणि मग उद्या रात्री सांग तुझ्या चौकटीवाल्यांना, माझ्या बाबांनी शब्बाथ कसा पाळला ते. लाव ना! आता का हात उचलत नाही?"

दादा चिठोऱ्याकडे बघत राहिला. त्याने तो घेतला नाही. वहिनी पुढे झाली, तिने डब्यातून आपला फोन उचलला आणि पुन्हा सुरू केला. दादाने तिला अडवलं नाही. गच्चीवरचं ऊन वर वर सरकत चाललं होतं.

धाकटीने काडी ओढली. दोन्ही दिवे लावले, रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वादाचे शब्द म्हणायला घेतले. तोंड शब्द म्हणत होतं, पण अंगातला राग तसाच होता. तिने तो देवापासून लपवलाही नाही.

मागे डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दादाचा आवाज आला, लहानपणी मार खाऊन आल्यावर यायचा तसा.

"काय बोलायचं असेल गं त्यांना?"

तिने डोळ्यांवरचे हात काढले.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "माझा फोन डब्यात होता."