मार्लिसबाई माणूस असल्याचा पुरावा

मार्लिस टोफ्टीचं मानसशास्त्र राहून गेलं होतं. बाकी सगळं यथासांग झालं होतं. लग्न झालं, मुलं झाली, दोन्ही गुडघे बदलून झाले, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराचं प्रमुखपदही हाती आलं. पण कम्युनिटी कॉलेजची ती दोन वर्षांची पदवी एका विषयापायी अडकून बसली होती. ऐन परीक्षेच्या दिवसांत लग्न ठरलं, तेव्हा होणारा नवरा व्हर्न म्हणाला होता, "मी असताना तुला मानसशास्त्र कशाला हवंय?" पुढे जन्मभर त्याच्यामुळेच ते हवं होतं, हे मार्लिसने त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांच्या नॉर्बी गावात कुणी काही बोलून दाखवतच नाही. "कसं काय?" असं कुणी विचारलं की "वाईट नाही" म्हणायचं. कोठार जळालं तरी वाईट नाही आणि नातू झाला तरी वाईट नाही. फरक असतो तो आवाजात, आणि तो ऐकू यायला मिनेसोटात निदान दोन पिढ्या काढाव्या लागतात.

याला अपवाद एकच, व्हर्नची बहीण डेलोरिस. तिने पदवी पुरी केली होती आणि ती चौकटीत घालून जेवणाच्या टेबलासमोर लावली होती. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ती हळहळायची, "आपल्या मार्लिसचं बाई एकाच विषयानं राहिलं!" गेल्या नोव्हेंबरात तिने हे म्हटलं, तेव्हा मार्लिसने भोपळ्याच्या पायवर क्रीम घालता घालता शांतपणे सांगितलं, "मे महिन्यात मीही पदवीदानाचा काळा झगा घालून मंचावरून चालणार आहे." कुणीतरी घाबरून ग्रेव्ही पुढे सरकवली. पुढच्या रविवारी पाद्रीबुवांनी ही बातमी चर्चच्या पत्रकात छापली. झालं! आता माघार घ्यायची तर गाव सोडावं लागलं असतं.

मानसशास्त्राचा प्राथमिक वर्ग ऑनलाइन होता. जानेवारीत मार्लिस लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच बसली. पहिल्याच पानावर तिला विचारण्यात आलं, की आपण यंत्र नाही ना? नसल्यास ज्या चौकोनांत वाहतुकीचे दिवे असतील ते निवडा. नॉर्बीत वाहतुकीचा दिवा नाही. 

"व्हर्न, दिव्याचा खांब म्हणजे दिवा धरायचा का रे?"

"खांब म्हणजे खांब," टीव्हीवरचे ट्रॅक्टर बघत व्हर्न म्हणाला.

तिने खांब सोडले आणि ती नापास झाली. मग खांब धरले, तरी नापास झाली. शेवटी त्यांनी तिला सायकली ओळखायला दिल्या आणि त्यात ती कशीबशी माणूस ठरली.

पण नाव नोंदवलं म्हणजे जागा मिळाली असं नव्हतं. पहिल्या आठवड्यात चर्चेच्या पानावर स्वतःचा परिचय लिहायचा आणि दोन सहाध्यायांना उत्तरं द्यायची, हीच हजेरी. शुक्रवारी दुपारपर्यंत ती भरली नाही तर नाव कमी होणार आणि प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी आत येणार. हा वर्ग पुन्हा निघणार तो शरद ऋतूत, म्हणजे मेमधला समारंभ उरकून झगे परत गेल्यावर.

मार्लिसने परिचय लिहिला. "माझं नाव मार्लिस टोफ्टी. मी नॉर्बीला राहते. सगळं ठीक आहे. या वर्गात शिकायची संधी मिळाल्याबद्दल मी आभारी आहे. सर्वांना शुभेच्छा. काही मदत लागल्यास जरूर कळवा." पुन्हा वाचताना "मी" जरा जास्तच वेळा आल्यासारखं वाटलं. पण व्याकरणाचा इलाज नव्हता.

मग ती इतरांचं वाचायला लागली. एका मुलीकडे तीन मांजरं होती. तिला मार्लिसने "छान मांजरं" असं लिहिलं. दुसरा होता कोल्टर विटे, वय एकोणीस. त्याची आजी आयलीन मागच्याच आठवड्यात वारली होती. "ती माझ्या आयुष्यातला दीपस्तंभ होती," त्याने लिहिलं होतं, "तिच्या बागेत फुलांची मशागत करताना तिने मला चिकाटी शिकवली." खाली अकरा जणांनी "फार सुंदर लिहिलंस!" असं लिहिलं होतं. मार्लिसला ते बघवेना. घरात माणूस गेलंय आणि लोक नुसतं लिहिताहेत! खायला कोण घेऊन जाणार?

तिला एकच कोडं पडलं. आसपास कुणी गेलं की प्रेताच्या आधी चर्चमधल्या मयताच्या जेवणाचा, हॅम-सँडविचांचा निरोप तिच्याकडे यायचा, आणि या आयलीनचा तर काहीच निरोप नव्हता. विटे मंडळी कॅथलिक, म्हणजे दुसऱ्या चर्चची असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. चुलत बहिणीला फोन करून पत्ता काढला आणि हॉटडिशची तयारी करून ठेवली. तळाशी खिमा, त्यावर डब्यातलं मशरूम सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्यांच्या शिस्तबद्ध रांगा.

त्याच संध्याकाळी प्राध्यापक क्विनलन यांची ईमेल आली. ते अ‍ॅरिझोनात राहतात असं म्हणतात. कॉलेजात त्यांना कुणी पाहिलेलं नाही. तिचा परिचय तपासणीत यंत्रलिखित आढळला होता. हजेरी धरायची असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत तिने आयुष्यात खरोखर घडलेलं काहीतरी लिहावं, त्यात तिची स्वतःची एक तरी भावना असावी.

मार्लिसने लॅपटॉप मिटला. भावना तिच्याकडे होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या बाहेरच्या माणसांसमोर काढायच्या नव्हत्या.

"काय झालं?" व्हर्नने विचारलं.

"वाईट नाही," ती म्हणाली. व्हर्नने टीव्हीचा आवाज कमी केला. एवढा आवाज त्याने सासरे वारले तेव्हासुद्धा कमी केला नव्हता.

गुरुवारी सकाळी हॉटडिश भाजली, टॉवेलात गुंडाळली आणि मार्लिस निघाली. रस्त्यावर बर्फ होतं, वारा आडवा होता. विट्यांच्या घरी पोचायला तास लागला. दार एका ठेंगण्या म्हातारीने उघडलं.

"मी नॉर्बीची मार्लिस टोफ्टी. तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत."

"कुठल्या दुःखात?"

"आयलीनबाई गेल्या ना."

"कुठे गेल्या?"

मार्लिस गोंधळली. "आपण त्यांच्या बहीण का?"

"मीच आयलीन." म्हातारीने टॉवेलाचं टोक उचलून वास घेतला. "मशरूमचं सूप घातलंय का?"

मार्लिसने आजवर कितीतरी मयतांच्या नातेवाइकांना जेवू घातलं होतं, पण खुद्द मयताने चौकशी करायची ही पहिलीच वेळ. "घातलंय," ती म्हणाली. त्या घटकेला तेवढंच खात्रीनं सांगता येत होतं.

"आत या, कॉफी घ्या."

"नको नको, निघतेच."

"घ्या हो थोडी."

"कशाला उगाच त्रास."

"केलेलीच आहे."

आता तिसऱ्यांदा आग्रह झाल्यामुळे मार्लिसला आत जाता आलं. कॉफी पिता पिता तिने आपण कशा आलो ती हकिगत सांगितली. कोल्टरने लिहिलेलं तिला तोंडपाठ झालं होतं, तेही म्हणून दाखवलं. दीपस्तंभापर्यंत आयलीन निमूट ऐकत होती. बागेपाशी मात्र तिचा संयम सुटला.

"बाग? माझ्या अंगणात एक प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो आहे, तोही तिरका! कोल्टर! वर ये आधी!"

तळघरातून एक लांबलचक पोरगा वर आला. त्याचे हात ग्रीसने माखले होते.

"मेल्या, मी कधी गेले रे?"

त्याने आजीकडे पाहिलं, मार्लिसकडे पाहिलं आणि मग हॉटडिशकडे पाहिलं. "मी नाही मारलं, आजी. मी यंत्राला म्हटलं, परिचय जरा हृदयस्पर्शी करून दे. त्यानंच मारलं."

"मग पाठवण्याआधी वाचायला काय झालं होतं?"

"कुणीच वाचत नाही गं तिथं! सगळे खाली 'सुंदर' लिहितात आणि जातात. मला काय माहीत एखादी बाई जेवण घेऊन येईल?"

"बाई नव्हे, मार्लिसबाई. आणि आधी हात धू, मग खा." आयलीन मार्लिसकडे वळली. "तुमचं कसं काय?"

"वाईट नाही."

आयलीनचा जन्म याच मातीतला. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "अगं बाई! इतकं काय झालं?"

मग मार्लिसने ईमेलचं सांगितलं, झग्याचं सांगितलं, डेलोरिसचंही थोडं सांगितलं. आयलीनने टेबलावर हात आपटला. "म्हणजे जित्या आजीला गाडणारा हा गुलाम तेवढा माणूस, आणि तुम्ही यंत्र? हेच लिहा! आज घडलं ते सगळं लिहा."

"पण मग कोल्टर अडकेल."

"मयत मी आहे. माझी परवानगी आहे."

"आजी!" कोल्टर ओरडला.

"तू गप्प बस. तू शोकात आहेस."

शेवटी असं ठरलं की आधी कोल्टरने स्वतः कबुली द्यायची, म्हणजे मार्लिसवर चहाडीचा ठपका नको. त्याने दोन बोटांनी टाइप केलं, "मी स्नोमोबाइल दुरुस्त करतो. आधीचं यंत्राने लिहिलं होतं. माझी आजी जिवंत आहे. आत्ता शेजारी बसून माझ्या चुका काढते आहे." मग लॅपटॉप मार्लिसपुढे आला. घडलेलं तिने भराभरा लिहिलं आणि भावनेपाशी येऊन थांबली.

"दार उघडलं तेव्हा काय वाटलं?" आयलीनने विचारलं.

"जरा वेगळं वाटलं."

"मार्लिसबाई!"

"बरं वाटलं. तुम्ही आहात म्हणून."

"खोटं! माझ्याच घरात बसून, माझीच कॉफी पिऊन?"

मार्लिसने कपातली उरलेली कॉफी संपवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "राग आला."

"कशाचा?"

"तुम्ही जिवंत निघालात त्याचा. एवढ्या बर्फातून मी गाडी हाकत आले. मनात आलं, हॉटडिश फुकट गेली."

हे ऐकून कोल्टरचा घास हातातच राहिला. आयलीन मात्र इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. "लिहा!" डोळे पुसत ती म्हणाली. "अगदी हेच, असंच लिहा!"

मार्लिसने लिहिलं. एकदा बूच उडाल्यावर मग थांबवेना. तो काळा झगा आपल्याला किती हवाय तेही तिने लिहिलं. लग्नाचा पांढराही इतका हवासा वाटला नव्हता. वाचून पाहिलं असतं तर पाठवायचा धीर झाला नसता, म्हणून न वाचताच पाठवलं.

शुक्रवारी दुपारच्या थोडं आधी उत्तर आलं. "यंत्राला आता शंका नाही आणि मलाही नाही. कुठल्याही यंत्राला मृत व्यक्तीच्या जिवंतपणाचा राग येणार नाही. तुमची जागा पक्की. आयलीनबाईंना नमस्कार सांगा. कोल्टरचा नवा परिचय मात्र यंत्रलिखित आढळला आहे. त्याच्यासाठी आजींची साक्ष मागवली आहे."

"काय म्हणताहेत?" व्हर्नने विचारलं.

"वाईट नाही," मार्लिस म्हणाली.

व्हर्नने टीव्ही बंदच केला. उठून आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. असं "वाईट नाही" त्याने याआधी एकदाच ऐकलं होतं, थोरल्याच्या जन्माच्या वेळी.

शनिवारी कोल्टर भांडं परत द्यायला आला. भांड्याच्या बुडाला मार्लिसच्या नावाची चिकटपट्टी होतीच, त्यामुळे ते हरवण्याची भीती नव्हती. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं त्याला माहीत होतं. आत डोनट होते, दुकानातले. दुकानातले! पण दुखवट्याचं घर म्हणून मार्लिसने सोडून दिलं.

सोमवारी दुसऱ्या आठवड्याचं पान उघडलं. विषय होता, "तुम्हाला सर्वाधिक कशाची भीती वाटते?" खाली नेहमीची सूचना होती, की दोन सहाध्यायांना उत्तरं द्या. मार्लिसने सगळं नीट वाचलं. मांजरवालीला एकटेपणाची भीती वाटत होती. आणखी एकाला उंचीची वाटत होती. ती उठली, ओव्हन लावला आणि कपाटातून दोन भांडी काढली.