आक्काताईची रिंग

आदितीच्या मॉडेमवरचा हिरवा दिवा रोज संध्याकाळी विझायचा. राजारामपुरीतल्या घरात ब्रॉडबँड येऊन महिना झाला होता, आणि आज सहाला त्याच लाइनवरून जर्मनीतले एक प्राध्यापक पीएचडीसाठी तिची तोंडी मुलाखत घेणार होते.

कंपनीचा माणूस येऊन गेला होता. "लाइन ओके हाय की ताई. कोणतरी फोन उचलत असणार."

पण त्या वेळी घरात फोन कुणीच उचलत नव्हतं. लाइन तुटून जुळली की मॉडेमला नवा आयपी पत्ता मिळायचा आणि ती वेळ संगणकावर उघडणाऱ्या मॉडेमच्या पानावर दिसायची. आदिती ते पान रोज बघे. तुटण्याची वेळ दिवसागणिक किंचित पुढं सरकत होती. घड्याळावर चालणारी गोष्ट अशी सरकत नाही. जानेवारीत अशी सरकते ती सूर्यास्ताची वेळ.

"आई, दिवस मावळताना आपल्या घरात काय होतं गं?"

"काय हुतंय? जेवतो आपण," राजमती म्हणाली. "आन् आक्काची रिंग येती."

आक्काताई म्हणजे राजमतीची थोरली बहीण, पेठ वडगावात एकटी राहणारी. जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की ती दोन रिंगा देऊन फोन ठेवायची. म्हणजे जेवले, बरी आहे. उचलायचा नसल्यामुळं तो फोन कुणी फोन म्हणून धरतच नव्हतं.

आदिती वायर हातानं चाचपत मागं गेली. आवाज आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी मॉडेमपाशी होती. स्वयंपाकघरातल्या जुन्या फोनची वायर मात्र तिच्या आधीच जोडलेली. रिंगेचा झटका सरळ लाइनवर बसत होता.

"आजच्यापुरता तो फोन काढून ठेवू?"

"आन् तिला काय झालं तर? तुझी जर्मनी येनार हाय का वडगावला?"

आदितीनं वायर सोडवून डबीच्या पुढं जोडली. मोबाइलवरून रिंग देऊन पाहिली. फोन वाजला, दिवा हलला नाही.

मुलाखत सुरू झाली. बाहेर ऊन उतरलं, अंधारून आलं. रिंग आली नाही. उत्तरं देता देता आदितीचा कान स्वयंपाकघराकडं होता. फोन तर चालू होता. मग मावशीला काय झालं?

आत रिसीव्हर उचलून नंबर लावल्याचा आवाज आला. आदितीनं दिव्याकडं पाहिलं. हिरवाच.

"आक्का!" राजमतीचा आवाज भिंत ओलांडून आला. "काय? पोरीची मुलाखत म्हनून रिंग दिली न्हाईस? आगं, दुपारी तुला फोननं लाइन तुटती म्हनलं, ते मागनं दुरुस्त झालं की! जेवलीस न्हवं?"

प्राध्यापकांनी विचारलं, तिकडं काय चाललंय?

"माझी मावशी जेवली," आदिती इंग्रजीत म्हणाली. मग तिला सरकणाऱ्या वेळेपासून सगळंच सांगावं लागलं. ते मध्येच थांबवून प्रश्न विचारत राहिले, आणि मुलाखत बरीच लांबली.