इस्त्रीचा डाग

घडीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दर गुरुवारी सकाळी ती कपड्यांबद्दल एक पत्र लिहून वर्गणीदारांना मेलवर पाठवायची. पत्राचं नाव ‘घडी’, म्हणून वाचणाऱ्या बायका तिला घडीताई म्हणायला लागल्या आणि तेच चिकटलं. नवीन काय विकत घ्यावं हे ती कधी सांगायची नाही. कपाटात आहे त्यातूनच नीटनेटकं कसं दिसावं, बाळंतपणानंतर जुने कपडे अंगाला कसे बसवावेत, असलं लिहायची. प्रत्येक पत्रात एका वाचक बाईचा प्रश्न आणि त्याचं उत्तर असायचं. प्रश्न खरे असतात, पदरचं मी काही घालत नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

घरात ती आणि सासूबाई. नवरा नोकरीच्या गावी, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. सासूबाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. पत्र जाण्याआधी त्या वाचायच्या आणि शुद्धलेखनाबरोबर शिवणातल्या चुकाही काढायच्या. त्या आठवड्यात मात्र त्यांची दाढ काढली होती, त्या गाल धरून पडून होत्या, आणि पत्र त्यांच्या नजरेखालून न जाताच गेलं.

त्यात एका बाईने विचारलं होतं की मुलाखतीला जायचंय, प्रवास लांबचा आहे, आणि एका पिशवीत मावतील एवढेच कपडे न्यायचेत; तर सात कपडे निवडून द्या. कपाट उघडलं तर काही कमी झालंय असं दिसायला नको. सोबत तिने फोटो पाठवले होते. त्यात एक तपकिरी कोट होता, बाहीवर इस्त्रीचा डाग पडलेला. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावरच द्या, मी दुपारच्या सुट्टीत बघते, असंही लिहिलं होतं. घडीताईला कोडं सोडवल्यासारखी मजा आली. तिने सात कपडे निवडले, डागावर रुंद पट्टी शिवायला सांगितली आणि नाव आणि फोटो तेवढे गाळून प्रश्न होता तसा छापून टाकला. छापू का, असं त्या बाईला विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी एक मेल आली. कुणा पुरुषाची. तासाभरापूर्वीच त्याने वर्गणी भरली होती. लिहिलं होतं की पत्र बहिणीने दाखवलं, फार आवडलं. एकच विचारायचं होतं, कोटावरचा डाग डाव्या बाहीवर आहे की उजव्या? आणि त्या बाई कुठे निघाल्या आहेत? बायकोला भेट द्यायची आहे म्हणून विचारतो.

घडीताईने ती दोनदा वाचली. डागाची बाही विचारून कुणी बायकोला कसली भेट देतं, हे काही तिला कळेना. मग तिने आपलंच पत्र उघडलं, आणि कपाट उघडलं तर काही कमी झालंय असं दिसायला नको, या वाक्यावर ती थांबली.

तिने सासूबाईंना उठवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, “ही मुलाखतीला निघालेली नाही गं. ही घर सोडून निघालीय. आणि तू ते तिच्या नवऱ्याच्या घरी पोचवलंस.”

 पाठवलेलं पत्र परत घेता येत नाही. त्या बाईला सावध करावं म्हणून ती लिहायला बसली, तर सासूबाईंनी हात धरला. तिची मेल आता तोच उघडून बसला असेल तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. पोलिसांना तरी काय सांगणार? एका माणसाने कोटाची चौकशी केली, एवढंच ना.

संध्याकाळी दुसरी मेल आली. उत्तर आलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. तुम्ही जिथे बसून लिहिता ती खिडकी तुमच्या पत्राच्या माथ्यावरच्या फोटोत दिसते. समोर दातांच्या दवाखान्याची पाटी आहे. मी त्या बाजूला येत असतो.

घडीताईने पडदा ओढला. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की ती उठून कडी चाचपून यायची.

सकाळी सासूबाईंनी कपाटाच्या तळातून आपला तपकिरी कोट काढला. सासरे गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तो आणला होता, आणि सासूबाई तो कधी घालायच्या नाहीत, नुसता हात लावून परत ठेवून द्यायच्या. त्यांनी इस्त्री तापायला लावली आणि विचारलं, “तिचा डाग कुठल्या बाहीवर?”

“उजव्या.”

“मग आपण डावी जाळू.”

घडीताई नको नको म्हणत राहिली. सासूबाईंनी डावी बाही पसरली, इस्त्री टेकवली आणि मनातल्या मनात आकडे मोजत उभ्या राहिल्या. लोकर जळल्याचा उग्र वास घरभर पसरला.

दुपारी बारा वाजता घडीताईने सगळ्या वर्गणीदारांना नवं पत्र पाठवलं. गुरुवारचा प्रश्न खरा नव्हता, या आठवड्यात कुणी काही विचारलं नाही म्हणून तो मीच रचला, कोट आमच्याच घरातला आहे, चुकले. सोबत डाव्या बाहीचा फोटो. लिहिताना तिचे कान तापले होते. वर्गणीदारांत ती बाईही होती. तिलाही हे पत्र जाणार होतं, आणि ती ते वाचेल तेव्हा नवऱ्याला संशय आलाय हे तिला कळेल, एवढाच आधार होता. त्या माणसाला तिने एका ओळीत कळवलं की डाग डाव्या बाहीवर आहे.

चार वाजता बेल वाजली.

दाराच्या भोकातून तिने पाहिलं. चाळिशीचा माणूस, कॉलर कडक, बूट नुकतेच पुसलेले.  जळल्याचा वास अजून घरात होता. सासूबाईंनी शांतपणे गॅसवरच्या दुधाखालची आच मोठी केली, दूध उतू जाऊन चांगलं करपेपर्यंत थांबल्या, आणि मगच दार उघडलं.

कोट बघायला आलोय, असं तो नम्रपणे म्हणाला. आत आल्यावर त्याने नाक आक्रसलं. सासूबाई म्हणाल्या की दूध लागलंय, सूनबाईचं लक्ष असतं कुठे, आणि कोट आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्याने बाही उलटी करून अस्तर पाहिलं. अंगठ्याने डाग घासला. काळी भुकटी बोटाला लागली, ती त्याने बराच वेळ न्याहाळली.

“डाग जुना वाटत नाही,” तो म्हणाला.

“जुना कसा असेल? या महिन्यातलाच प्रताप आहे हिचा,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याने घेतलेला कोट. तो जाळला तो जाळला, वर जगाला सांगते, वाचक बाईचा आहे म्हणून. खोटं लिहून पोट भरतात का?”

घडीताईला रडू फुटलं. ते भीतीचं होतं, पण त्याला ते लाजेचं वाटलं असावं. तो तिच्याकडे वळला.

“मुलाखत, प्रवास, ते सगळं?”

“मनचंच,” ती म्हणाली. “कोट बघून सुचलं.”

“माझ्या बायकोकडे असाच आहे.”

“तपकिरी कोट काय, दर चौथ्या घरात असतो,” सासूबाई म्हणाल्या.

 कोटाची त्याने घडी घातली, अगदी व्यवस्थित, बाह्या आत दुमडून, आणि खुर्चीवर ठेवली. दारात थांबून म्हणाला, “तुम्ही लिहिता छान. मी वाचत राहीन.”

जिन्यातली पावलं विरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मग सासूबाई मटकन खाली बसल्या. घडीताईने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तसं पाहिलं.

पुढचे दिवस वाईट गेले. वर्गणीदार भराभर कमी झाले. एका बाईने लिहिलं की आई गेल्यावर मी तुमच्या पत्रांच्या आधाराने पुन्हा नीट कपडे घालायला लागले होते, तेही खोटंच होतं का?  कोटवाल्या बाईचं काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता. कुठे काही बातमी आहे का म्हणून ती रोज धास्तावून बघायची.

महिन्याभराने अनोळखी पत्त्यावरून मेल आली. तुमचं शनिवारचं पत्र मी सोमवारी ऑफिसात वाचलं, असं त्या बाईने लिहिलं होतं. रविवारभर तो घरात माझ्या मागे मागे होता, पण तोंडाने काही बोलला नाही. का, ते पत्र वाचल्यावर कळलं. रोज एकेक कपडा नेऊन पिशवी ऑफिसच्या कपाटात भरून ठेवली होतीच. निघायचं बुधवारी ठरवलं होतं, पण तोवर थांबले नाही, तिथूनच निघाले. पोचले आहे. काम मिळालंय. तुम्ही छापलंत ते वाचून मी तुम्हाला फार शिव्या दिल्या, आणि नंतर रडलेही.

घडीताईने ती सासूबाईंना वाचून दाखवली आणि पुसून टाकली.

त्या माणसाचं नाव अजून यादीत होतं. ते काढून टाकायचं तिने ठरवलं, तर सासूबाई नको म्हणाल्या. काढलंस तर त्याला पुन्हा शंका येईल. दर गुरुवारी पत्र गेलं की दहा मिनिटांच्या आत तो ते उघडतो, हे तिला संगणकाच्या पडद्यावर दिसायचं. वाचकांचे प्रश्न तिने छापणं बंद केलं. तिचं टेबल आता आतल्या भिंतीला होतं.

त्या गुरुवारी तिने मोज्यांवर लिहिलं. पाठवण्याआधी तीनदा वाचून काढलं, त्यात कुणाची काही खूण राहिलीय का ते बघायला, आणि मग सासूबाईंना वाचायला दिलं.