मले घाबरून राह्यलं

मी एक जुना किडनी ट्रे आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. माझा आकार मूत्रपिंडासारखा, एका बाजूने आत दबलेला आहे, म्हणून दवाखान्यात मला हे नाव पडलं. फरशी पुसणाऱ्या बायका मला ‘वाकडी ताटली’ म्हणतात, त्याचा मात्र मला राग येतो. मी वाकडा नाही. ओकारी येणाऱ्या माणसाच्या हनुवटीखाली मी नेमका बसावा, म्हणून माझी ती बाजू मुद्दाम आत घेतलेली आहे.

एका कारखान्यात स्टीलच्या पत्र्यावर जड साचा आपटला आणि माझा जन्म झाला. भावंडांबरोबर खोक्यात बसून मी अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात आलो. काही भावंडं ऑपरेशन थिएटरात गेली. कात्र्या आणि चिमटे मिरवायला लागली आणि साहेब झाली. माझ्या वाट्याला आली कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या रुग्णांची खोली, आणि तिथल्या उलट्या. सुरुवातीला मला फार वाईट वाटे. पण हळूहळू लक्षात आलं, की पोट ढवळलेल्या माणसाला त्या घटकेला आई आठवत नाही, देव आठवत नाही, मीच आठवतो.

आमच्या वऱ्हाडात मला बोलावण्याची एक खास हाक आहे. पुण्याकडची माणसं ‘मळमळतंय’ म्हणतात. इथे पोटात ढवळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, गार घाम फुटला, की माणूस म्हणतो, ‘मले घाबरून राह्यलं.’ त्याचा भीतीशी काही संबंध नाही. सापाच्या शेपटीवर पाय देऊन पुढे जाणारा गडीसुद्धा उन्हातून आला की हेच म्हणतो. ही हाक कानावर पडली, की सिस्टर काही न विचारता मला उचलायच्या. ती माझी खरी ऐट होती.

पुढे प्लास्टिकची भांडी आली. वापरायची आणि फेकायची. त्यातच एकदा ट्रॉलीवरून पडून माझ्या कडेला पोचा आला आणि मला नर्सेसच्या कपडे बदलायच्या खोलीत, कपाटाच्या तळाशी टाकण्यात आलं. गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणतात. वैद्यांचं मला माहीत नाही, माझं मात्र तसंच झालं. माझ्यावर धूळ बसली. हाका ऐकू येत, पण त्या आता माझ्यासाठी नसत.

एका सकाळी कपाटाचं दार धाडकन उघडलं. एक हात घाईने चाचपडत आत आला, त्याने मला ओढून घेतलं आणि पुढच्याच क्षणी मी कामाला लागलो. ती आचल होती. वलगावची सून, नवीच लागलेली नर्स. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून तिने आधी नळ सोडला होता. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी पडलं. मग तिने मला धुतलं, कोरडं केलं आणि स्वतःच्या ओढणीखाली लपवलं. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडलो, म्हणून मला आनंद झाला. तो आनंद फार टिकला नाही.

आचलला दिवस गेले होते. हे तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि मला. नवरा नितेश अकोल्याला नोकरीला, रविवारी यायचा. घरी सासू गोदाबाई होती, तिलासुद्धा आचलने सांगितलं नव्हतं. कारण गेल्या वर्षी पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा गोदाबाईने आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे खाऊन झाले आणि थोड्याच दिवसांत पोटातलं राहिलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तीन महिन्यांच्या आत सांगायचंच कशाला, नजर लागते. आचल शिकलेली होती. नजरेने असं काही होत नाही, हे ती दुसऱ्यांना समजावून सांगत असे. पण स्वतःच्या पोटाची गोष्ट आली, तेव्हा तिची सगळी विद्या गळ्यात अडकली. या वेळी तिने तोंड शिवून घेतलं.

ओकाऱ्यांना मात्र गुपित पाळता येत नाही. वलगावहून स्कूटीवर येताना ती दोनदा रस्त्याच्या कडेला थांबायची. फिनाइलचा वास आला की पोट उसळायचं. कॅन्टीनमधली फोडणी, स्पिरिटचा बोळा, रुग्णाच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा, कशानेही. पाण्याचा घोटसुद्धा राहत नव्हता. ती मला चादरीत गुंडाळून ट्रॉलीच्या खालच्या फळीवर घेऊन फिरायला लागली, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. ती रुग्णाला उलटी थांबायचं इंजेक्शन द्यायची आणि मग मला घेऊन पडद्याआड जायची. तेच औषध तिला चाललं असतं, पण डॉक्टरांना विचारायचं म्हणजे सांगावं लागणार. आणि न विचारता घ्यायची तिची हिंमत नव्हती, कारण गेल्या खेपेला तिने तापाची एक गोळी घेतली होती आणि ती गोळी तिच्या मनातून अजून उतरली नव्हती.

नितेश फोनवर म्हणायचा, सोड ती नोकरी. ती सोडायला तयार नव्हती. गेल्या खेपेला घरी रिकामं बसून तिने भिंतीकडे पाहत दिवस काढले होते. रुग्णाचा हात हातात घेतला, तेव्हाच ती त्यातून बाहेर आली. आता ती नोकरीत कायम होणार की नाही, हे कॅज्युअल्टीचे डॉक्टर कारखानीस काय म्हणतात, यावर होतं. मूल ठेवायचं तर नोकरी जाते आणि नोकरी ठेवायची तर मूल जातंय की काय, अशी भीती. इकडे आड, तिकडे विहीर. एकदा तिने नळ सोडायचंही विसरून, मला मांडीवर धरून, पोटाशी बोलताना मी ऐकलं.

“राह्य ना रे बापा,” ती म्हणाली. “येवढा तरी राह्य. जाऊ नोको.”

मित्रांनो, माझ्यात अनेकांची आसवं पडली आहेत, पण त्या दिवसाइतका हताश मी कधीच झालो नव्हतो. मला हात असते, तर मी कॅज्युअल्टीची घंटा वाजवून सगळ्यांना गोळा केलं असतं.

शेवटी तिनेच धीर केला. डॉक्टर कारखानीस पुण्याचे, नुकतेच अमरावतीला आलेले. माणूस मनाचा चांगला. एका दुपारी रुग्ण जरा कमी होते. आचल ट्रॉलीला टेकून उभी होती, ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. दिवस गेल्याचं सांगायचं नाही, पण मदत तर मागायची, म्हणून तिने आपल्या गावात जे म्हणतात तेच म्हटलं.

“सर, मले घाबरून राह्यलं.”

खालच्या फळीवर मी सावरून बसलो. माझी हाक आली होती. आता डॉक्टर मला उचलतील, तिला बसवतील, नाडी बघतील. पण डॉक्टर हसले.

“घाबरायचं नाही, सिस्टर,” ते म्हणाले. “सुरुवातीला सगळ्यांनाच भीती वाटते.”

आचलला पुढे बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती नुसती मान हलवून पडद्याआड गेली.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. त्यांनी तिचं भलं करायचं मनावर घेतलं. इन्चार्ज जहाँआरा सिस्टरला त्यांनी सांगितलं, की मुलगी हुशार आहे, फक्त रुग्णांना घाबरते, तिची भीती मोडली की कायम करू. आणि भीती मोडायची म्हणून जे जे अवघड, ते ते आचलच्या वाट्याला यायला लागलं. ट्रकने उडवलेला माणूस आला, आचल सिस्टर पुढे. सडलेल्या पायाची पट्टी बदलायची, आचल सिस्टर पुढे. मी ओरडून ओरडून दमलो, पण स्टीलचा आवाज पडल्याशिवाय होत नाही. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या आठवड्यात पाहिलं.

जहाँआरा सिस्टरला काहीच कळलं नव्हतं, असं समजू नका. ती तीन मुलांची आई. नळ इतका वेळ का वाहतो, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. एकदा तिने आचलच्या खिशात अर्धं लिंबू टाकलं. पण विचारलं नाही. कुणी अशी गोष्ट झाकून ठेवली असेल, तर आपण टोकू नये, टोकलं की नजर लागते, असं तिच्याकडेही मानतात. एकीने सांगायचं नाही आणि दुसरीने विचारायचं नाही. त्या दोघींच्या शहाणपणात एक पोर पाण्याविना कोरडं पडत चाललं होतं.

मग तो दिवस आला. सकाळपासून आचलला लघवीसुद्धा झाली नव्हती. भिंत धरून ती चालत होती. एवढ्यात ऑटोतून चंद्रभान नावाच्या एका आडदांड शेतकऱ्याला आणलं. छाती दुखत होती, घामाने सदरा भिजलेला. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे आचलला पुढे केलं. तिने त्याच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या. त्याच्या अंगाला घामाचा आणि तंबाखूचा वास होता. तिचं पोट उसळलं. ती वाकली, चादर बाजूला केली आणि मला उचलून हनुवटीपर्यंत आणलं. आणि त्याच वेळी चंद्रभान म्हणाला, की त्याला घाबरून राहिलं.

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका काका, मी आहे ना.”

छातीत कळ असतानाही चंद्रभानला राग आला. “डॉक्टरसाहेब, मी कोनाच्या बापाले घाबरत नाही,” तो धापा टाकत म्हणाला. “मले घाबरून राह्यलं. ओकारी येऊन राह्यली मले.”

मी एकच होतो, मित्रांनो, आणि हाका दोन होत्या. आचलने मला स्वतःच्या हनुवटीखालून काढलं आणि चंद्रभानच्या हनुवटीखाली धरलं. एक थेंबही तिने बाहेर सांडू दिला नाही. त्याचं झाल्यावर तिने मला नीट खाली ठेवलं आणि मग ती स्वतः फरशीवर कोसळली.

डॉक्टर कारखानीस तिच्याकडे वळले. चंद्रभानचे शब्द त्यांच्या डोक्यात फिरत असावेत. त्यांनी आपल्या सोबतीच्या डॉक्टरला चंद्रभानजवळ उभं केलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. नाडी पाहिली, जीभ पाहिली.

“सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मला हेच सांगत होतात?”

आचलने डोळे उघडले. लपवायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. “मले दिवस हायेत, सर,” ती म्हणाली. “पानी बी राह्यत नाही पोटात.”

डॉक्टरांनी जहाँआरा सिस्टरकडे पाहिलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“मालूम होतं, सर. पन टोकलं नाही मी.” आणि ती, जिच्यापुढे सगळा स्टाफ चळचळ कापतो, ती पदराने डोळे पुसायला लागली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आचलला उचलून खाटेवर घेतलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि ते गर्भाला बाधत नाही, हे तिला दोनदा सांगितलं. चंद्रभानला वरच्या मजल्यावर हृदयरोग्यांच्या खोलीत नेलं. तो वाचला, आणि जाताना ‘त्या पोरीले पाहा आधी’ असं बजावून गेला. मला तिथेच विसरले असते, पण जहाँआरा सिस्टरने मला उचललं, घासलं, उकळलं, पुसलं आणि आचलच्या उशाशी आणून ठेवलं. एवढा चकचकीत मी कारखान्यातून निघालो तेव्हाही नव्हतो.

संध्याकाळी तिला सोनोग्राफीला नेलं. चाकांच्या खुर्चीवर, मला तिच्या मांडीवर ठेवून, ढकलत नेलं. पडदा मला दिसत नव्हता, आचलचा चेहरा दिसत होता. बाई डॉक्टर बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. आचलने माझी कड इतकी घट्ट धरली, की तिची बोटं पांढरी पडली. तो वेळ मला माझ्या कपाटातल्या वर्षांपेक्षा मोठा वाटला. मग बाई म्हणाल्या, ठोके आहेत, चांगले आहेत. पण इतकं कोरडं पडल्यावर पुढचे काही आठवडे जपावंच लागेल, असंही म्हणाल्या. डॉक्टर कारखानीस दारात उभे होते. नोकरीची काळजी करू नका, सुट्टी माझ्याकडून मंजूर आहे, असं ते म्हणाले आणि खाली पाहत निघून गेले.

मग आचलने फोन केला. आधी नितेशला, तो अकोल्याहून निघालाच. मग सासूला. “आई, सांगू नाही म्हनतात, पन मी सांगून राह्यली,” एवढंच म्हणून ती रडायला लागली.

गोदाबाई ऑटो करून आली, ती हातात डबा घेऊनच. डब्यात ज्वारीच्या लाह्या होत्या. ‘मले काहून नाही सांगितलं?’ असं तिने एकदाही विचारलं नाही. बहुतेक गेल्या वर्षीचे पेढे तिलाही आठवत असावेत. तिने इकडेतिकडे ताटली शोधली, उशाशी मी चकाकताना दिसलो आणि तिने बिनदिक्कत डबा माझ्यात ओतला.

जहाँआरा सिस्टर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आचलने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी कसलं भांडं, ते तिने सासूला सांगितलं नाही. एक लाही उचलून तोंडात टाकली, मग दुसरी.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी म्हणालं, की मले घाबरून राह्यलं, तर आधी धीर देऊ नका, आधी त्याला बसवा आणि हाताला लागेल ते भांडं पुढे धरा. आणि कुणी काही लपवून एकटंच झुरत असेल, तर नजर लागेल म्हणून गप्प बसू नका, जवळ जाऊन विचारा. मी जन्मभर माणसांच्या पोटातून आलेलंच घेतलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्यातून कुणाच्या तरी पोटात काही गेलं. लाह्या पोटात राहतात की उलटतात, याची गोदाबाई खाटेच्या कडेला बसून वाट पाहत होती, जहाँआरा सिस्टर वाट पाहत होती, आणि मी रिकामा होऊन तयार बसलो होतो.

“राह्यलं?” बऱ्याच वेळाने गोदाबाईने हळूच विचारलं.

“राह्यलं, आई,” आचल म्हणाली.