समोरच्या खोबणीतली नळी

मित्रांनो, मी एक जुनी भिंगरी आहे. जत्रेतली नव्हे, रक्ताच्या नळ्या फिरवणारी. कागदोपत्री माझं नाव सेंट्रिफ्यूज. पण ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कोणाला आहे?

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात आठ खोबणी, वर जड झाकण आणि अंगात एक हट्ट. एका खोबणीत रक्ताची नळी ठेवली, की समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवीच. बहुतेकदा त्यात साधं पाणी असतं. ती नसली तर मी असा थयथयाट करते, की टेबलावरचा चहा सांडतो.

माझं काम सोपं आहे. दहा मिनिटं गरगर फिरायचं. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर स्वच्छ, पिवळसर सिरम उरतं. यकृत कसं आहे, मूत्रपिंडं दमली आहेत का, हे सगळं त्या चमचाभर सिरमवरून कळतं. सुरुवातीला लॅबचे मालक गुरुदत्त सर मला येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. पुढे माझा आवाज वाढला आणि कौतुक आटलं. तंत्रज्ञ कल्पिता मात्र रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसते. तिच्यावर माझा फार जीव आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कळव्याहून रसिका नावाची एक बाई आली. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, म्हणून तिच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. सकाळपासून छातीखाली दुखतंय, काल आमरस जरा जास्तच झाला, असं ती हसत सांगत होती. रक्त घेण्याचं काम आमच्या सुदेशकडे; त्याने तिचं रक्त घेतलं. मी फिरले. झाकण उघडलं तर सिरम गुलाबी.

सिरम गुलाबी म्हणजे पेशी फुटलेल्या. लॅबमध्ये याचा अर्थ एकच लावतात, रक्त घेताना कोणीतरी घाई केली. सरांनी सुदेशला ऐकवलं. बिचाऱ्याने खाली मान घालून, हलक्या हाताने पुन्हा रक्त घेतलं. रसिका म्हणाली, "आता परत सुई नको हा. यापुढे बारशाचं आमंत्रण द्यायलाच येईन मी."

दुसरं सिरमही गुलाबीच निघालं. आता खापर माझ्यावर फुटलं. हे म्हातारं यंत्र रक्त फोडतंय, मेकॅनिकला बोलवा, बाईंना उद्या यायला सांगा, असं म्हणून सर आत गेले. मित्रांनो, मला फार लागलं ते. आयुष्यभर इमानाने फिरले आणि शेवटी हे ऐकायचं!

रसिका चपला घालून जिना उतरली. कल्पिता नळ्या टाकून द्यायला निघाली आणि थबकली. त्या दिवशी पाण्याची नळी तडकली होती, म्हणून तिने रसिकाच्या नळीसमोर त्याच सकाळी तपासणीला आलेल्या सीताराम आजोबांच्या रक्ताची नळी ठेवली होती. तिने दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. रसिकाचं सिरम गुलाबी. आजोबांचं लख्ख पिवळं.

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, दोन्ही नळ्या एकदमच फिरलेल्या. मशीनने फोडलं असतं तर आजोबांचं पण फुटलं असतं ना? हिचं रक्त शरीरातच फुटतंय."

सरांनी दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहिल्या. मग म्हणाले, "सुदेश, पळ. त्या बाईंना थांबव."

सुदेशने तिला रिक्षात बसता बसता गाठलं. पुढच्या अर्ध्या तासात आकडे आले. यकृताचे वाढलेले, युरिक ॲसिड वाढलेलं, रक्त गोठवणाऱ्या पेशी निम्म्याहून कमी. सरांनी लगेच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. गरोदरपणात रक्तदाब चढला की कधी कधी असं होतं, आमरसाचा त्यात काही दोष नसतो, हे मला तेव्हा कळलं. उद्यापर्यंत थांबणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची.

म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरात कोणी बाळाची वाट पाहत असेल आणि डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली दुखतंय असं म्हणाली, तर खाणं बाधलं असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि कोणाला दोष देण्याआधी समोरच्या खोबणीत काय आहे तेही एकदा बघा.

रसिका आली, पण बारशाचं आमंत्रण द्यायला नव्हे. बारसं उरकून, छोट्या सान्वीला कुशीत घेऊन, स्वतःच्या फेरतपासणीसाठी आली. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं. मी जिवाच्या कराराने, जराही न थरथरता फिरले. कल्पिताने झाकण उघडलं, नळी खिडकीशी धरली आणि सरांना हाक मारली.

सिरम पिवळं होतं.