शंखमहाराजांची टाच

पौर्णिमेला कोळीवाड्यामागच्या मैदानात मंडप पडला की ठाण्याच्याच काय, दिवा-कळव्याच्या बायाही पोरं कडेवर घेऊन रांगा लावत. तोतरी पोरं, मुकी पोरं, सहा वर्षांची होऊनही नुसतं 'बा बा' करणारी पोरं. सगळ्यांवर इलाज एकच, शंखमहाराज.

महाराज लाकडी मंचावर पोराला पाठमोरं उभं करत. स्वतः पायघोळ कफनीत, खडावा घालून मागे. "जीभ ही सरस्वतीची पायरी. तिच्यावर सर्पानं वेटोळं घातलंय. अकरा पौर्णिमा शंखाचं पाणी पाजा. पण सुई टोचणाऱ्याच्या दारात गेलात, तर सर्प खाली उतरून काळजाला डसेल." सर्पाला दवाखान्याचा पत्ता कोण देतं, हे कुणी विचारत नसे. मग महाराज टाळी वाजवत. जन्मात हाकेला न वळलेलं पोर गर्रकन वळे आणि मंडप दणाणून जाई.

कोळीवाड्यातल्या चंद्रभागेची सात वर्षांची मालू सहा पौर्णिमा अशीच वळली होती.

तान्ही असताना मालूला मेंदूज्वर झाला होता. जीव वाचला, पण बोल फुटला नाही. गेल्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, "आधी हिचे कान तपासून घ्या."

"कान बरे हायत तिचे," चंद्रभागा म्हणाली होती. "होडीत पाठमोरी बसली असली, तरी इंजिन चालू झालं का वळते." चिठ्ठी फडताळातच राहिली. शाळेनं सांगितलं, बोलायला लागली की आणा. आळीतली पोरं मुकी मुकी म्हणून दगड मारत आणि मालू त्यांना चावत असे. मग लोक म्हणत, वेडसर आहे.

चंद्रभागेला विसावा एकच, देवळातलं कीर्तन. हरिहरबुवा उभे राहिले की मासळीच्या पाटीचा भार मानेवरून उतरल्यासारखा वाटे. मालूही येई, पण बसे ती पखवाजाशेजारी, कीर्तनाच्या लाकडी मंचाच्या फळ्यांवर तळवे टेकून.

सातव्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आरती झाल्यावर बुवांनी विचारलं, "चंद्राबाई, पोर पखवाजालाच का चिकटते?"

"तिला नाद आवडतो, बुवा."

"मग खाली सतरंजीवर बसवली की डोलायची थांबते ती का? मी आज मागून चारदा हाक मारली. मानसुद्धा हलली नाही. मी वीस वर्षं या फळ्यांवर उभा राहतोय. थाप मला कानाआधी तळपायात कळते. हिला फक्त तळपायातच कळत असेल तर?"

"महाराजांच्या टाळीला वळते ना पण."

"उद्या मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी मालूचा नंबर आला. टाळी वाजली, मालू वळली, जयजयकार झाला. बुवा मंचावर चढले. "महाराज, आता पोरीला खाली वाळूत उभी करा आणि मग टाळी वाजवा."

महाराज हसले. "कीर्तनकार देवाची परीक्षा घेणार वाटतं."

"देवाची नाही. तुमच्या टाचेची."

"ओ बुवा, उतरा खाली," रांगेत मागे उभी असलेली दगडाबाई ओरडली. "आमचा नंबर जाईल."

चंद्रभागेनं मालूला उचललं आणि वाळूत उभं केलं. महाराज जागचे हलेनात. बुवांनी मंडपातलीच झांज घेतली आणि मालूच्या कानामागे खणकन वाजवली. पुढच्या रांगेतल्या बायांनी कान झाकले. मालू अंगठ्यानं वाळूत रेघा ओढत राहिली.

मग बुवांनी तिला पुन्हा मंचावर ठेवलं, हात जोडून मागे उभे राहिले आणि नुसती टाच आपटली. मालू गर्रकन वळली.

"ह्यांची टाळी तुम्हाला दिसते," बुवा म्हणाले, "आणि कफनीखाली खडाव आपटते ती हिला कळते. फळी हलते, म्हणून पोर वळतं. दुसरा चमत्कार नाही."

चंद्रभागेनं मालूला जवळ ओढलं. "होडीची पण फळीच हलते. म्हंजे माजी हाक तिनं आजवर आयकलीच नाय."

"श्रद्धा डळमळली की सर्प उलटतो हो," महाराज पुटपुटले.

तशी चंद्रभागा पुढे झाली. "सर्प तू हायस. सहा महिने पाणी पाजलंस माज्या पोरीला. तुला ठाऊक होतं ती आयकत नाय. ठाऊक होतं, म्हणून तर टाच मारलीस." तिनं खडावा ओढून घेतल्या. "आता वळव कुणाला ते दाखव."

महाराज अनवाणी मंडपामागून निसटले. तरी चार बाया त्यांच्या मागे धावल्याच, पाया पडायला.

तपासणीत कळलं, मेंदूज्वरानंच मालूचे कान नेले होते. तिच्या छातीवर आता ऐकू येण्याच्या यंत्राची डबी आहे, वायर कानात जाते. डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. कानावर पडतं तेच मूल बोलतं, आणि बोल शिकायची सोन्यासारखी वर्षं पहिली पाच. ती वर्षं हातची गेली. मालू शिकेल, पण मेहनतीनं; काही अक्षरं कदाचित कायमची अर्धी राहतील. ज्यानं वर आणखी सहा महिने खाल्ले, तो महाराज म्हणे कल्याणला नवा मंडप टाकतोय.

ज्याच्या नामाला आपण टाळ्या वाजवतो, तो देव कुठल्याही आईला दवाखान्याची भीती घालत नाही. घालतो तो चोर. मूल पाठमोरं असताना हाक मारा. फळीवर नको, जमिनीवर. वळलं नाही तर कान तपासा. आजच तपासा.