बिजागरीची हजेरी

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर ही मिशी उतरवून तुमच्या हातावर ठेवीन. आजवर ठेवावी लागलेली नाही, यावरून काय ते समजा."

धाकट्या बहिणीच्या घरी, बाहेरच्या खोलीत बसून मी हे म्हणालो. समोर शेजारची शिंपीण होती आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. चहा कधीच संपला होता, पण दोघंही उठायचं नाव घेत नव्हते. शेवटी शिंपिणीने विचारलंच होतं, "यांचे यजमान हल्ली दिसत नाहीत हो. रोज सकाळी माझ्या खिडकीवरून कामाला जायचे. बरे आहेत ना?"

बहिणीने कोरडाच ट्रे पुसायला घेतला. महिना झाला, तिच्या घरात एकाच माणसाचा आवाज येत होता, तो म्हणजे तिचा. आतल्या खोलीच्या दारावरचा पडदा थोडा हलला. पंखा असेल, असं म्हणून मी सुरुवात केली. जरा मोठ्यानेच, कारण मास्तरांना कमी ऐकू येतं.

तर आमचे मेहुणे बिजागऱ्यांच्या कारखान्यात. दाराच्या, कपाटाच्या, पेटीच्या, जे म्हणाल त्याच्या बिजागऱ्या. मेहुणे भांडाराच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायचे आणि मागेल त्याला सामान द्यायचे. बसावं तर त्यांनीच! स्टुलाच्या पायांनी फरशीला चार खळगे पडले होते आणि खालच्या मजल्याच्या छताला चार टेंगळं.

"खाली मजला आहे तिथे?" मास्तर म्हणाले.

"टेंगळं आली तेव्हा बांधून घेतला."

कारखान्यात तीन सॉफ्टवेअर. एक ऑर्डरींचं, एक भांडाराचं, एक हजेरीचं. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेली. म्हणजे एका घरात तीन जावा, आणि एकीचं तोंड दुसरीकडे नाही. ऑर्डरवाली हजार बिजागऱ्या कबूल करून मोकळी व्हायची. भांडारवालीकडे शंभरही नसायच्या. हजेरीवाली म्हणायची, मला काय त्याचं, माझा तर वेल्डर रजेवर आहे. एकीचा निरोप दुसरीला पोचवायला माणसं जिना चढायची-उतरायची, आणि उतरताना एखादं शून्य पायरीवर सांडायचं. मालक कपाळ बडवून घ्यायचे. ते काही खोटं नव्हे, त्यांच्या कपाळाला घट्टा पडला होता.

मग मालकांचे जावई आले. पोरगा हुशार, बोलायला गोड. म्हणाला, "सासरेबुवा, तिघींना एकमेकींशी जोडून देतो. एकीकडे लिहिलं की तिघींना कळेल." कारखान्याने त्याचं नाव ठेवलं जोडणीबुवा. दोन फळ्या जोडायच्या तर बिजागरी लागते हो. इथे घरभर बिजागऱ्या, आणि जोडायला मात्र जावई आणावा लागला.

आणि एका सकाळी तिन्ही जावांची दिलजमाई झाली. आता अनुभवाचं सांगतो. जावा भांडतात तोवर घरातली माणसं सुखात असतात. त्या एक झाल्या की आधी बघतात, घरात बसून कोण खातंय.

"हे मात्र खरं," शिंपीण म्हणाली. "आम्ही तिघी एक झालो आणि पहिल्यांदा सासऱ्यांची तंबाखू बंद केली."

मेहुण्यांचा हजेरीचा नंबर एक्केचाळीस. आणि भांडारात एक्केचाळीस नंबरची एक बिजागरी होती. जुन्या घाटाची, पानाच्या आकाराची, नग एक, गिऱ्हाईक कोणी नाही. जावांनी पाहिलं, नंबर एकच आहे, मग माणूस काय आणि माल काय! त्यांनी अदलाबदल केली. हजेरीवालीने बिजागरी पदरात घेतली आणि भांडारवालीने मेहुणे.

"असं कसं होईल?"

"मास्तर, एकट्या मेहुण्यांचं झालं असतं तर मीही हेच विचारलं असतं. कॅशियरबाई 'पितळी स्क्रू, अर्धा इंची' झाल्या! काय मागणी त्यांना! एका फर्निचरवाल्याने पाच पेट्या मागवल्या. बाईंनी केस विंचरले, नव्या चपला घातल्या आणि गेल्या."

"बाई तर एकच."

"बाकीचा माल मागाहून पाठवतो म्हणून कळवलं."

मास्तर हसले. शिंपीणही हसली. बहीण मात्र झाकलेला कप घेऊन पडद्याआड गेली आणि तसाच भरलेला कप घेऊन परत आली. सायीचा पापुद्राही मोडला नव्हता. मी मिशीवरून हात फिरवला आणि पुढे निघालो.

कॅशियरबाईंचं नशीब चांगलं. मेहुण्यांच्या ओळीला मात्र स्क्रीनवर लाल रंग आला. शेजारी लिहिलं होतं, 'पडून असलेला माल. हालचाल नाही. भंगारात काढावा.' पन्नाशी उलटलेला माणूस. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? बसायच्या कामाला हल्ली खुर्चीलासुद्धा दोन पिशव्या उचलता येत असतील तरच ठेवतात.

मेहुणे उठले. आयुष्यात पहिल्यांदा. माल हलला असं दाखवायचं तर गळ्यातलं कार्ड दारावरच्या यंत्राला टेकवायचं, यंत्र 'टिंग' करतं. मेहुणे स्टूल काखेत मारून या दाराहून त्या दाराला निघाले. टिंग, टिंग, टिंग. लाल ओळ पिवळी झाली, पिवळी हिरवी झाली. ते बघून ज्याची ज्याची ओळ लाल होती तो तो उठला. कोणी फाइल घेऊन, कोणी रिकामं खोकं घेऊन, सगळा कारखाना वरातीसारखा फिरायला लागला. स्क्रीनवर कार्यक्षमतेचा आलेख असा चढला की वरून तो स्क्रीनबाहेर गेला. तेवढ्यासाठी भिंतीवर वेगळा कागद चिकटवावा लागला.

"आणि बिजागऱ्या?" शिंपिणीने विचारलं. कामाची बाई, तिला बरोबर कळलं.

बिजागऱ्या निघत होत्या. पण मधली खीळ देणारं खिडकीत कोणी नव्हतं, म्हणून बिनखिळीच्या. एका गिऱ्हाइकाने घरी जाऊन दार उघडलं, ते हातातच आलं. बिचारा दार घेऊन तक्रार करायला आला, आणि आत येण्याआधी सवयीने ते दार वाजवलं.

तक्रारी वाढल्या. तिन्ही जावा डोकी जोडून बसल्या आणि त्यांनी निवाडा दिला. एक्केचाळीस नंबरचा माल फार फिरतो, पण विकला जात नाही. ओळ पुन्हा लाल. बसले तरी भंगार, फिरले तरी भंगार.

मेहुणे जोडणीबुवांकडे गेले. हात जोडले. म्हणाले, "साहेब, मला परत माणूस करा."

पोरगा वाईट नव्हता हो. त्याने उठून त्यांना खुर्ची दिली. म्हणाला, "काका, एका बटणाचं काम आहे. पण तुम्ही माणूस झालात की ती बिजागरी माल होईल. तिचं नुकसान करायला मालक तयार नाहीत."

"लोखंडाच्या तुकड्याचं कसलं नुकसान?"

"ती कायम झाली, काका."

खरंच झाली होती. कधी उशीर नाही, रजा नाही, चहाला उठणं नाही, शेजारच्याशी गप्पा नाहीत. मालकांनी तिचा फोटो काढून दाराशी लावला, खाली लिहिलं, 'आमचा आदर्श कर्मचारी'. आणि ती ठेवली कुठे, तर खिडकीत. मेहुण्यांच्याच स्टुलावर.

"दादा, पुरे आता," बहीण हळू म्हणाली.

"अगं, गोष्ट अशी मधेच सोडली तर ती रात्रभर उंबऱ्यावर बसून राहते."

तर भंगारवाला आला. मेहुण्यांना काट्यावर उभं केलं. कागदावर वजन दोनशे ग्रॅम, काट्यावर सत्तर किलो. फाटक उघडेना. यंत्र म्हणे, ज्याचं वजन जुळत नाही तो माल बाहेर जायचा नाही. परत आतही घेईना. शेवटी जोडणीबुवांनी शक्कल काढली आणि मेहुण्यांच्या ओळीपुढे लिहून टाकलं, 'माल वाटेत आहे'.

तेव्हापासून मेहुणे वाटेत आहेत. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, या गोदामातून त्या गोदामात. वजन जुळत नाही म्हणून कोणी उतरवून घेत नाही. पण मजेत आहेत! रंग रापलाय, समुद्र पाहिला, ड्रायव्हर लोक त्यांच्याशिवाय गाडी हलवत नाहीत. ज्या गावातून ट्रक जातो, तिथली दारं करकरायची थांबतात म्हणे. एक दिवस कुठलं तरी गोदाम सही करेल, पावती फाडेल, की आलेच घरी.

"म्हणजे येतील ना?" शिंपीण खालच्या आवाजात म्हणाली. तिने मघाशीच पडद्याखालचे दोन अनवाणी पाय पाहिले असावेत.

"येतील म्हणजे काय! अहो, निघाले तो दिवस तुम्ही बघायला हवा होता. मालक स्वतः फाटकापर्यंत आले. डोळ्यांत पाणी. दोन्ही बाजूंना कारागीर रांगेत उभे. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस..."

पडदा बाजूला झाला. दाढी वाढलेली, बनियन चुरगळलेला, गळ्यात अजून ते कार्ड. मेहुणे माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या बंद दाराकडे बघत होते.

"खोटं आहे, दादा," ते म्हणाले. "फाटकाशी कोणी आलं नव्हतं. कार्ड टेकवलं, तर यंत्र वाजलंच नाही. मागे रांग होती. मागचा म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा."